परदेशी बांधकामावर निघालेल्या गोमंतकीय कामगारासाठी : हुन्नर आधी कागदावर, मग व्हिसा

पावसाआधीची कामे उरकत आली की सत्तरी-डिचोलीकडचे दोन-चार तरुण प्लास्टिकची फाईल काखेत धरून माझ्याकडे येतात. फाईलमध्ये पारपत्राची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि शाळा सोडल्याचा दाखला असतो. जे खरे महत्त्वाचे ते मात्र फाईलमध्ये नसते, ते फोनवर असते, म्हणजे कोणा मध्यस्थाने पाठवलेला एका इंग्रजी कागदाचा पुसट फोटो. "काका, पैसे कधी भरायचे तेवढे सांगा," असा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी उलट विचारतो, "व्हिसावर तुझे काम काय म्हणून लिहिले आहे?" दहांतल्या आठांना त्याचे उत्तर देता येत नाही.

हा प्रश्न मी विचारतो, कारण त्याचे उत्तर माहीत नसताना मी स्वतः विमानात बसलो होतो. मस्कतला गेलो तेव्हा माझ्या हातात सात वर्षांची थापी होती, चिऱ्याची घरे मी पायापासून कौलापर्यंत उभी केली होती, आणि तरीही माझ्या व्हिसावर व करारावर 'हेल्पर' असे लिहिले होते. तिथे पोहोचल्यावर मी गवंड्याचेच काम केले आणि पगार मात्र दोन वर्षे मदतनिसाचा घेतला, कारण मालकाच्या दृष्टीने कागदावर जे होते तेच मी होतो. पुढच्या करारात ते बदलून घेतले, पण गेलेली दोन वर्षे परत आली नाहीत. म्हणून या लेखातला क्रम मी मुद्दाम तसा ठेवला आहे : आधी हातातला हुन्नर प्रमाणपत्रावर आणायचा, मग देश निवडायचा, मग एजंट, मग करार, आणि पैसे सर्वांत शेवटी.

आपले काम नेमके कोणते, हे ठरवा

गोव्यात चांगला गवंडी सगळेच करतो. चिरे बसवतो, गिलावा करतो, लादी घालतो, वेळ पडली तर सेंट्रिंगच्या फळ्याही ठोकतो. परदेशातील मोठ्या साइटवर असा सर्व कामे करणारा माणूस कोणी मागत नाही. तिथे मागणी सुट्या कामांची असते : ब्लॉक बांधणारा मेसन, प्लास्टर करणारा, टाइल बसवणारा, सळई कापून-वाकवून बांधणारा स्टील फिक्सर, शटरिंग कार्पेंटर, परांची उभारणारा स्कॅफोल्डर, पाइप फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. यातले जे काम तुम्ही सर्वांत सफाईने आणि सर्वांत जलद करता ते एक निवडा, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तेच नाव येईल याची काळजी घ्या.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडच्या बहुतेक गवंड्यांचा हात जांभ्या चिऱ्यावर बसलेला असतो, तर आखातात, युरोपात किंवा इस्रायलमध्ये चिरा नाही. तिथे सिमेंटचे पोकळ ब्लॉक, काँक्रीटच्या भिंती आणि जिप्समचे पडदे असतात. चिऱ्याच्या ओबडधोबड कडेला सांध्यात जाड माल भरून सरळ करण्याची आपली सवय ब्लॉकवर दोष ठरते, कारण तिथे सांधा सर्वत्र सारख्या जाडीचा हवा असतो. शटरिंगचेही तसेच आहे. आपल्याकडे फळ्या, बल्ल्या आणि खिळे चालतात. मोठ्या साइटवर अॅल्युमिनियमचे तयार साचे असतात, ज्याला मुंबईकडे मिवान म्हणतात, आणि ते नकाशावरील क्रमांकाप्रमाणे जुळवावे लागतात. ज्याला मुंबई किंवा पुण्याच्या एखाद्या उंच इमारतीच्या साइटवर सहा महिने काढणे शक्य आहे त्याने ते जरूर काढावेत. तो काळ वाया गेला असे घरच्यांना वाटेल, परंतु प्रत्यक्ष चाचणीत त्याचाच उपयोग होतो.

खाणपट्ट्यातील वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांतले कितीतरी पोकलेन, लोडर आणि टिप्पर चालवणारे रिकामे झाले, आणि त्यातले काही जण मिळेल त्या मजुरीला लागले. अवजड यंत्र चालवणे हा बांधकाम क्षेत्रातला चांगला मोल असलेला हुन्नर आहे. अशा माणसाने कोणत्याही परिस्थितीत 'लेबर' म्हणून परदेशी जाऊ नये. अवजड वाहनाचा परवाना चालू ठेवावा, जुन्या मालकाकडून कोणते यंत्र किती वर्षे चालवले याचे पत्र मिळवावे, आणि ऑपरेटर म्हणूनच अर्ज करावा. त्या देशात पोहोचल्यावर तिथला परवाना वेगळा काढावा लागतो. त्याचा खर्च मालक देणार की तुम्ही, हे करारात लिहून घ्यावे.

हुन्नर कागदावर आणण्याचे मार्ग

वय कमी असेल आणि एक-दोन वर्षे देता येत असतील, तर आयटीआयइतका भक्कम मार्ग दुसरा नाही. पणजी, म्हापसा, डिचोली, पेडणे, होंडा, फर्मागुडी, मडगाव, वास्को, काकोडा, काणकोण अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत, म्हणजे बहुतेकांना बसने घरून ये-जा करता येते. वेल्डर आणि सुतारकाम यांसारख्या काही शाखांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही पात्र असतो व त्या एका वर्षाच्या आहेत. इलेक्ट्रिशियनला दहावी आणि दोन वर्षे लागतात. कोणत्या संस्थेत यंदा कोणत्या शाखा चालू आहेत ते प्रवेशाच्या काळात संस्थेत जाऊनच विचारावे.

ज्यांची कामात दहा वर्षे गेली आहेत त्यांना पुन्हा बाकावर बसण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी पूर्वानुभवाची मान्यता म्हणजे 'आरपीएल' ही सोय आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखाली ती चालते, नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हबवर होते, आणि बांधकामाच्या शाखांचे निकष भारतीय बांधकाम कौशल्य विकास परिषदेने ठरवलेले असतात. थोडे दिवस उजळणी होते, सुरक्षिततेचे नियम शिकवले जातात आणि मग परीक्षक तुमच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतो. पणजीला पाटोवरील श्रमशक्ती भवनात कौशल्य विकास खात्याकडे चौकशी केली तर राज्यात सध्या कोणत्या शाखांचे वर्ग चालू आहेत ते कळते.

प्रात्यक्षिक चाचणीत काय होते ते थोडे जवळून सांगतो, कारण चांगले कारागीर तिथेच गडबडतात. गवंड्याला साधारण छातीएवढी कोपऱ्याची भिंत बांधायला सांगतात आणि वेळ मोजतात. परीक्षक आधी भिंतीकडे पाहत नाही, तुमच्याकडे पाहतो : डोक्यावर हेल्मेट आहे का, पायांत बूट आहेत की चप्पल, पहिला थर मालाशिवाय नुसता मांडून पाहिला का, दोरी ताणली का. मग तो कोपऱ्याला गुण्या लावतो, ओळंबा सोडतो, लेव्हल ठेवतो आणि सांध्यांची जाडी टेपने मोजतो. नजरेच्या अंदाजाने भिंत सरळ आणणारे आपले अनेक जुने गवंडी ओळंब्याला हातच लावत नाहीत. भिंत सरळ येते, पण गुण कापले जातात. म्हणून चाचणीआधी महिनाभर प्रत्येक थराला ओळंबा लावण्याची आणि बूट घालून काम करण्याची सवय करा. सळईवाल्याने नकाशासोबतचा सळयांचा तक्ता वाचायला शिकावे, म्हणजे कोणत्या जाडीच्या किती सळया, कोणत्या आकारात, किती लांबीच्या. हा तक्ता ज्याला वाचता येतो तो लवकर चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम होतो.

याच्या जोडीला तीन कागद जमवा. पहिला, ठेकेदाराचे अनुभवपत्र. आपल्याकडचे ठेकेदार ते सहसा देत नाहीत, म्हणून मजकूर तुम्हीच टाइप करून न्या आणि सही-शिक्का मागा. दुसरा, इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, जी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला मिळते. इथल्या लाभांसाठी तर ती हवीच, शिवाय तुम्ही बांधकाम कामगार आहात याचा तो सरकारी पुरावा होतो. तिसरा कागद नव्हे, तर फोनवरील चित्रफिती : तुम्ही स्वतः काम करताना, चेहरा दिसेल अशा, दोन-तीन मिनिटांच्या. आता अनेक कंपन्या पहिली निवड त्यावरूनच करतात.

कोणता देश काय मागतो

संयुक्त अरब अमिराती, ओमान, कुवेत आणि बहरीन येथे सर्वसाधारण गवंडी, सुतार, सळईवाला यांची निवड कंपनीच्या किंवा एजंटच्या चाचणीवर होते. सौदी अरेबियाने मात्र कौशल्य पडताळणीची परीक्षा भारतातच सुरू केली असून, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा शाखांपासून ती पुढे वाढत गेली आहे. तुमची शाखा त्या यादीत असेल तर परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. कतारसाठी मुंबईत कतार व्हिसा केंद्र आहे, तिथेच बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी आणि करारावर सही होते. ही चांगली व्यवस्था आहे, कारण देश सोडण्याआधीच करार तुमच्यासमोर येतो. तिथे तो वाचा. मागे रांग आहे म्हणून घाईने सही करू नका.

इस्रायलसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही सरकारांत समझोता झाला आणि २०२४ च्या सुरुवातीपासून राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत शटरिंग, सळईकाम, टाइल आणि प्लास्टर या चार कामांसाठी भरती झाली. पगार आखातापेक्षा पुष्कळ अधिक आहे, हे खरे. तो देश युद्धाच्या छायेत आहे, हेही तितकेच खरे, आणि हा निर्णय एकट्याने न घेता घरच्यांना पूर्ण माहिती देऊन घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

जपानशी भारताने जानेवारी २०२१ मध्ये विशिष्ट कुशल कामगारांविषयी करार केला. त्यात बांधकाम हे क्षेत्र आहे आणि पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र जपानी भाषेची एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा आणि कौशल्याची परीक्षा अशा दोन्ही उत्तीर्ण व्हाव्या लागतात. जर्मनीशी स्थलांतराचा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला. तिथेही जर्मन भाषा आणि प्रमाणपत्राची मान्यता ही दोन दारे ओलांडावी लागतात. विशीतल्या मुलाने भाषेला एक-दीड वर्ष द्यायला हरकत नाही, किंबहुना द्यावेच. चाळिशीतल्या कुटुंबवत्सल गवंड्याला मी ते सांगणार नाही.

पारपत्र आणि नावाची भानगड

पारपत्र पणजीच्या प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत निघते, त्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. गोव्यात खरी अडचण नावाची येते. पोर्तुगीज काळातील वडिलांच्या दाखल्यावर 'नाईक' हे आडनाव रोमी लिपीत एका प्रकारे, तुमच्या जन्मदाखल्यावर दुसऱ्या प्रकारे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या प्रकारे लिहिलेले असते. 'गावकर'चे तर विचारायलाच नको. पारपत्र, आधार, शाळेचा दाखला, कौशल्याचे प्रमाणपत्र आणि बँक खाते या पाचांवर नावाचे एकेक अक्षर सारखे असले पाहिजे. नाव बदलण्यासाठी गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्या मार्गाने जायला वेळ लागतो, म्हणून हे काम व्हिसा येण्याची वाट न पाहता सर्वांत आधी हातात घ्या.

दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर 'ईसीआर' हा शिक्का असतो. याचा अर्थ असा की सहा आखाती देशांसह मलेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉन, लिबिया अशा एकूण १८ देशांत नोकरीला जाताना उत्प्रवासी संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी लागते. गोव्याचे काम मुंबईच्या संरक्षक कार्यालयाकडे येते, पण अर्ज ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरूनच होतो. पुष्कळांना हा शिक्का कमीपणाचा वाटतो आणि तो टाळण्यासाठी ते पर्यटक व्हिसावर निघतात. कृपा करून असे करू नका. ईसीआर मंजुरीत तुमचा करार सरकारी नोंदीत जातो, मालकाचे नाव नोंदले जाते आणि विमा सक्तीने निघतो. पर्यटक म्हणून गेलात तर यातले काहीच नसते आणि पकडले गेल्यावर गुन्हेगार तुम्ही ठरता. शिक्का खरोखर काढायचाच असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करा. वयाची वरची अट नाही, आणि दहावी पुढे आयटीआयलाही उपयोगी पडते.

पोर्तुगीज पारपत्राविषयी थोडेसे

गोव्यात हा विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून नागरिकत्व मिळवण्याचा मार्ग आहे, आणि स्विंडन, साउथॉल, लेस्टर येथे गेलेले बहुतेक गोमंतकीय त्याच मार्गाने गेले. तरुणांना दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, १ जानेवारी २०२१ पासून पोर्तुगीज पारपत्रधारकालाही ब्रिटनमध्ये नव्याने काम करायचे तर व्हिसा लागतो. आता ते पारपत्र युरोपीय संघातल्या देशांत काम करण्यासाठी उपयोगी आहे, लंडनसाठी नाही. दोन, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते, भारतीय पारपत्र जमा करावे लागते, आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचे, कार्ड काढले तरी मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. दोन वर्षांच्या कामासाठी कायमचे नागरिकत्व सोडणे हा सौदा काजूची बाग आणि घरवाडी असलेल्या माणसाने शंभरदा विचार करूनच करावा.

एजंट आणि पैसे

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर सर्वांना पाहता येते. परवान्याचा क्रमांक मागा, यादीत शोधा, परवान्याची मुदत आणि कार्यालयाचा पत्ता जुळतो का ते पाहा. गावोगाव फिरणारा, 'मी मुंबईच्या ऑफिसचा माणूस' म्हणणारा उपएजंट कायद्याला ठाऊकच नाही. तो तुमच्या ओळखीचा असेल, तुमच्या आतेभावाला त्याने पाठवलेही असेल, पण पैसे बुडाले तर तुमच्या तक्रारीला धरायला हातात काही नसते.

एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतात. १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० रुपये. याहून अधिक मागणी बेकायदा आहे, ती 'तिकिटाचे', 'व्हिसाचे' किंवा 'साहेबाचे' अशा कोणत्याही नावाने होवो. अमिरातीच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास मालकाला मनाई आहे, म्हणजे 'व्हिसाचे पैसे कंपनीला द्यावे लागतात' हे वाक्य मुळातच खोटे आहे. पैसे धनादेशाने किंवा बँकेतूनच द्या, पावती घ्या, आणि करार हाती येण्याआधी काही देऊ नका. लाख-दीड लाख व्याजाने काढून किंवा दागिने गहाण टाकून निघालेला कामगार पहिले वर्ष कर्जासाठी राबतो, आणि मालक कसाही वागला तरी कर्जाच्या भीतीने तोंड उघडत नाही. हे मी कॅम्पमधल्या खाटांवर फार पाहिले आहे.

'मदतनीस', 'सुरक्षारक्षक' अशा मोघम कामाला अवाच्या सवा पगार सांगणाऱ्यांपासून विशेष जपा. २०२४ मध्ये अशाच आमिषाने रशियाला नेलेले भारतीय तरुण युद्धाच्या आघाडीवर पोहोचल्याचे उघड झाले होते.

करार कसा वाचावा

करारात सर्वांत आधी पाहायचे ते कामाचे नाव, आणि ते व्हिसावरील नावाशी ताडून पाहायचे. मेसन असेल तर दोन्हीकडे मेसन. त्यानंतर मूळ पगार. मूळ पगार आणि एकूण पगार यांतला फरक आपल्या मुलांना समजत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ.

समजा अमिरातीतल्या दोन कंपन्या महिना १,२०० दिरहम देऊ करतात. पहिलीचा मूळ पगार १,००० आणि जेवणभत्ता २००. दुसरीचा मूळ पगार ६०० आणि निरनिराळे भत्ते मिळून ६००. ऐकायला दोन्ही सारखे. पण तिथे ओव्हरटाइम मूळ पगारावर मोजतात : महिना ३० दिवस, दिवस ८ तास, म्हणजे २४० तास. पहिल्या कंपनीत तासाचा मूळ दर ४.१७ दिरहम, त्यावर किमान २५ टक्के वाढ धरून ओव्हरटाइमचा दर सुमारे ५.२१. दुसरीत मूळ दर २.५० आणि ओव्हरटाइम ३.१३. रोज दोन तासांप्रमाणे महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५२ तास काम केले तर पहिलीकडून सुमारे २७१ दिरहम मिळतील, दुसरीकडून १६३. महिन्याला १०८ चा फरक, चोवीस महिन्यांत सुमारे २,६००. शिवाय नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार इतकी असते : पहिलीत वर्षाला ७००, दुसरीत ४२०. दोन वर्षांत आणखी ५६० चा फरक. 'सारखाच पगार' असलेल्या दोन नोकऱ्यांत असे सुमारे ३,१६० दिरहम कमीजास्त होतात, आणि ते कळायला कागद आणि पेन्सिल पुरते.

नंतर हे पाहा : कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, राहण्याची सोय कोणाची, जेवण की जेवणभत्ता, जाण्यायेण्याचे तिकीट, परीक्षाधीन काळ, औषधोपचार, आणि कराराची मुदत. अमिरातीचे नियुक्तिपत्र अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याचा नियम २०१६ पासून आहे. मराठी त्यात नाही, पण हिंदी आहे. हिंदी प्रत हक्काने मागा. इंग्रजीच हाती आले तर गावातल्या शिक्षकाला, बँकेतल्या बाबूला, कोणालाही दाखवा आणि ओळीगणिक मराठीत अर्थ लिहून ठेवा. तिथे पोहोचल्यावर दुसऱ्या, कमी पगाराच्या करारावर सही मागितली तर ती करू नका. मूळ कराराची प्रत बायकोच्या किंवा भावाच्या फोनवर ठेवलेली असावी, ती याचसाठी.

वैद्यकीय तपासणी, विमा, प्रशिक्षण

सहा आखाती देशांसाठी ठरावीक केंद्रातच तपासणी होते, आणि तिची वेळ वाफिद या प्रणालीतून घ्यावी लागते. एचआयव्ही, काविळीचे बी व सी प्रकार यांसाठी रक्त तपासतात आणि छातीचा एक्स-रे काढतात. क्षयरोग पूर्ण बरा झालेला असला तरी फुप्फुसावर जुना डाग दिसला की उमेदवार अपात्र ठरतो. म्हणून एजंटला रुपयाही देण्याआधी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात, मडगावला किंवा बांबोळीला छातीचा एक्स-रे काढून घ्या.

ईसीआर कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे : दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, त्यावर कर, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. इतक्या पैशांत म्हापशाच्या बाजारात दोघांचे जेवण होत नाही. पॉलिसीची प्रत नामनिर्देशित व्यक्तीच्या हातात द्या. निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे अभिमुखता प्रशिक्षण विनाशुल्क आहे आणि ते ऑनलाइनही घेता येते. त्यात त्या देशाचे कायदे, चालीरीती आणि तक्रारीचे मार्ग सांगतात. दिवस मोडतो म्हणून कंटाळा करू नका.

बँकेचे एक काम राहून जाते. परदेशी नोकरीला गेल्यावर तुमचे इथले साधे बचत खाते नियमाने एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या इथल्या पैशांचे, खाते करावे लागते आणि तिथून पैसे पाठवायला एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईचे, खाते सोयीचे पडते. निघण्याआधी शाखेत जाऊन दोन्हींचे अर्ज समजून घ्या.

पोहोचल्यावर

पारपत्र तुमचे आहे आणि ते तुमच्याकडे राहिले पाहिजे. नोंदणीसाठी दिले तर परत मागा. ओळखपत्र, म्हणजे सौदीत इकामा, ओमान-कुवेतकडे कामगारांच्या बोलीत बताका, हाती आल्यावर त्यावरचे कामाचे नाव पुन्हा एकदा वाचा. पगार बँकेतून किंवा पगारकार्डावरच घ्या.

उन्हाचे नियम पाठ असू द्यात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३, कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३०, आणि ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी १२.३० ते ३.३० या वेळात उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे. आपण दमट हवेत वाढलेली माणसे; आपल्याला घाम आला की बरे वाटते, तिथे मात्र कोरड्या वाऱ्यात घाम दिसण्याआधीच सुकतो आणि अंगातले पाणी संपल्याचे कळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा, आणि पहिले दोन आठवडे ओव्हरटाइमच्या मागे लागू नका. उंचीवर हार्नेस अडकवल्याशिवाय पाय ठेवू नका, फोरमनने कितीही घाई केली तरी.

पगार थकला किंवा कराराप्रमाणे वागवले नाही तर न सांगता काम सोडून पळू नका. सौदीत मालक 'हुरूब' नोंदवतो, म्हणजे कामगार फरार झाल्याची तक्रार, आणि मग ज्याचे पैसे थकले तो कामगारच अडकतो. त्याऐवजी त्या देशाच्या कामगार खात्यात तक्रार करा, भारतीय दूतावासात जा, परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर नोंद करा. दुबई, रियाध, जेद्दाह येथे प्रवासी भारतीय साहाय्य केंद्रे आहेत, आणि घरच्यांना भारतातून १८०० ११ ३०९० हा विनाशुल्क क्रमांक लावता येतो. अडकलेल्या कामगाराच्या तिकिटासाठी किंवा पार्थिव मायदेशी आणण्यासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, हे घरातल्या कर्त्या माणसाला सांगून ठेवा.

करार संपून परत येण्याच्या वेळी शेवटचे एक काम असते. हिशेबाच्या कागदावर सही करण्याआधी ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मोजून घ्या, आणि कंपनीच्या शिक्क्याचे अनुभवपत्र मागा, ज्यात तुमच्या कामाचे नाव, तारखा आणि कोणत्या प्रकारच्या इमारतींवर काम केले ते लिहिलेले असेल. माझ्या पहिल्या मालकाकडून मी ते मागितलेच नव्हते. दुसऱ्या करारासाठी मुंबईला चाचणीला गेलो तेव्हा दोन वर्षे मस्कतला भिंती बांधल्याचे सांगायला माझ्याकडे तोंडाशिवाय काही नव्हते, आणि परीक्षकाने मला पुन्हा पहिल्या थरापासून भिंत बांधायला लावली.